लघवीतलं हाड

"एवढं मुंबईला जाऊन त्या मशीनखाली झोपण्यापेक्षा लघवी तपासून नाही का गं कळत?"

हा प्रश्न माझ्या मावशीचा. ती कराडजवळच्या एका गावात राहते. ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, लाइट (रेडिएशन) सगळं होऊन बरीच वर्षं झालेली, लेट्रोझोलची गोळी रोज चालू, आणि मग पाठीत दुखायला लागलं. दिवसा कामाच्या नादात कमी आणि रात्री आडवं झालं की जास्त. ऑपरेशन मुंबईत झालेलं म्हणून दाखवायलाही मुंबईच, आणि तिथल्या डॉक्टरांनी कॅन्सर हाडात पोचलाय का ते बघायला लगेच बोन स्कॅन लिहून दिला. मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते, त्यामुळे घरात कुणाचाही रिपोर्ट आला की तो आधी माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, तसा हा प्रश्नही माझ्याकडेच आला.

आणि प्रश्न अगदी बरोबर आहे. जगातल्या मोठमोठ्या लोकांनी हाच प्रश्न विचारून त्यावर आख्खी करिअर घालवलीत. मावशीला मी फोनवर जेवढं जमलं तेवढं सांगितलं, पण ते सांगून माझंच समाधान झालं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण अशा मावश्या घरोघरी आहेत आणि हाच प्रश्न त्यांनाही पडत असणार.

आधी हाडाचं काय चालतं ते बघू. हाड म्हणजे एकदा तयार झालं की मरेपर्यंत तसंच, असं आपल्याला वाटतं, पण मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी तोडला जातो आणि नव्याने बांधला जातो. तोडणाऱ्या पेशी वेगळ्या, त्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, आणि बांधणाऱ्या वेगळ्या, त्या ऑस्टिओब्लास्ट. तोडणारी पेशी हाडाला चिकटते, आपल्याखाली अ‍ॅसिड सोडते, त्याने कॅल्शियमचा भाग विरघळतो, मग कॅथेप्सिन के नावाचं एन्झाइम सोडून उरलेला कोलॅजन कापते. हा कोलॅजन म्हणजे हाडाची जाळी, कॅल्शियम सोडून जे काही सेंद्रिय हाडात आहे त्यातला जवळपास ९० टक्के भाग हाच. कापलेले तुकडे रक्तात जातात, तिथून किडनीत, आणि किडनीतून लघवीत. पेठेतला जुना वाडा पाडायला घेतला की राडारोड्याचे ट्रक गल्लीतून बाहेर पडायला लागतात, वाडा आपल्याला दिसत नसला तरी ट्रक मोजून कळतं की आत पाडापाडी चाललीय आणि जोरात चाललीय, तसं हे. फक्त ट्रकवर पत्ता लिहिलेला नसतो, आणि पाडतंय कोण तेही लिहिलेलं नसतं. मावशीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

कोलॅजनबद्दल एक गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते, इथेही सांगतेच. कोलॅजनचे तीन धागे एकमेकांत पीळ घालून बसलेले असतात हे आपल्याला कळलं ते मद्रासमधून. १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी ही तीन धाग्यांची रचना मांडली, आणि त्यासाठी जे एक्स-रे फोटो कामी आले ते कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधाचे. स्वातंत्र्य मिळून सात वर्षं झालेली, साधनं तुटपुंजी, आणि तिथे बसून या माणसांनी शरीरातल्या सगळ्यात जास्त असणाऱ्या प्रोटीनचा आकार ओळखला. मला याचा फार अभिमान आहे आणि शाळेच्या पुस्तकात हे ठळक यायला हवं असं माझं मत आहे.

तर या तीन धाग्यांच्या दोन्ही टोकांना पीळ नसलेला थोडासा भाग असतो, त्याला टेलोपेप्टाइड म्हणतात. एका कोलॅजनचं टोक शेजारच्या कोलॅजनला पक्कं बांधलेलं असतं आणि ती गाठ एवढी पक्की की हाड तोडणाऱ्या पेशीलाही ती सुटत नाही. बाकी सगळं बारीक होतं पण गाठ मारलेली टोकं तशीच्या तशी बाहेर पडतात आणि लघवीत येतात. शरीर त्यांचा परत वापर करत नाही. म्हणून त्या गाठी मोजल्या की पाडापाडी मोजल्यासारखं होतं.

हे सुचायला मात्र खूप वेळ लागला. आधी लोक लघवीतलं हायड्रॉक्सीप्रोलिन मोजायचे, ते कोलॅजनमधलं एक अमिनो आम्ल. पण ते अन्नातूनही येतं, त्यामुळे पेशंटला आधी जिलेटिन नसलेलं खाणं द्यायचं, मग २४ तासांची लघवी कॅनमध्ये गोळा करायची, आणि एवढं करूनही शरीरात सुटलेल्या हायड्रॉक्सीप्रोलिनपैकी साधारण दहावा भागच लघवीत येतो, बाकीचं लिव्हरमध्ये संपतं. शिवाय कोलॅजन कातडीतही असतो, त्याचंही यात मिसळणार. मग १९७७ साली जपानमध्ये दायसाबुरो फुजिमोतो यांना बैलाच्या टाचेच्या वरच्या जाड स्नायुबंधात एक चमकणारा पदार्थ सापडला, पिरिडिनोलिन, म्हणजे त्या गाठीतलंच रसायन. ही गाठ फक्त जुन्या, पक्क्या झालेल्या कोलॅजनमध्ये असते आणि खाण्यातल्या जिलेटिनचा तिच्यावर परिणाम होत नाही, त्यामुळे पथ्याची भानगड गेली. आणि १९९२ मध्ये सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड आयर यांच्या गटाने गाठीसकट आख्खं टोक ओळखणारी अँटिबॉडी वापरून टेस्ट तयार केली, तीच एन-टेलोपेप्टाइड, लॅबच्या भाषेत एनटीएक्स. दुसऱ्या टोकाची ती सीटीएक्स. आता २४ तासांचा कॅन नको, सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची आणि दुसरी छोट्या डबीत द्यायची, बस. लघवी पातळ आहे की घट्ट यावर आकडा बदलू नये म्हणून तो लघवीतल्याच क्रिएटिनिन नावाच्या दुसऱ्या पदार्थाच्या हिशोबात देतात.

इथपर्यंत ऐकून मावशी म्हणाली, मग झालं की, दे मला डबी.

तिचं म्हणणं मला तेव्हाही पटलं आणि आजही पटतं, कारण कॅन्सर हाडात उतरला की नेमकी हीच पाडापाडी वाढते. १८८९ मध्ये लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी ब्रेस्ट कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि म्हणाले की कॅन्सर कुठेही जाऊन पडत नाही, बी कितीही उडालं तरी ते रुजायला जमीन तशी लागते, आणि ब्रेस्ट कॅन्सरच्या बीला हाडाची जमीन मानवते. ती का मानवते हे कळायला आणखी शंभर वर्षं लागली. कॅन्सरची पेशी स्वतः हाड तोडत नाही. ती पीटीएचआरपी नावाचा पदार्थ सोडते, त्याने बांधणाऱ्या पेशी रँक-लिगँड नावाचा सिग्नल द्यायला लागतात, त्या सिग्नलने तोडणाऱ्या पेशी वाढतात, त्या हाड तोडतात, आणि हाडात साठवलेले वाढीचे पदार्थ, टीजीएफ-बीटा वगैरे, मोकळे होतात, जे खाऊन कॅन्सरची पेशी अजून वाढते आणि अजून पीटीएचआरपी सोडते. असं चक्र आहे हे. आपल्याच शरीराची रोजची व्यवस्था ती आपल्या फायद्यासाठी वापरून घेते. ब्रेस्ट आणि प्रोस्टेटचा कॅन्सर पसरलेल्या अवस्थेत असला तर सुमारे ७० टक्के लोकांच्या हाडात तो पोचलेला असतो, इतकं हे कॉमन आहे.

अशा पेशंटच्या लघवीत एनटीएक्स वाढलेला सापडतो. प्रोस्टेटमध्येसुद्धा सापडतो, आणि हे मला वाचताना आश्चर्याचं वाटलं होतं, कारण प्रोस्टेटच्या गाठी एक्स-रेमध्ये पांढऱ्या, घट्ट दिसतात, म्हणजे तिथे हाड जास्तीचं बांधलं जातंय असं दिसतं, पण लघवी सांगते की बांधकामाच्या आड तोडफोडही जोरात चालू आहे. फोटोत न दिसलेली गोष्ट लघवीने सांगितली. मला तर या सगळ्या विषयातला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

मग मावशीला डबी का नाही दिली?

कारण मावशीच्या अंगात पाडापाडी वाढवणाऱ्या गोष्टी आधीच चार होत्या. पाळी गेलेली, त्याने एस्ट्रोजेन कमी होतं आणि एनटीएक्स वाढतो. वर लेट्रोझोल, जी उरलंसुरलं एस्ट्रोजेनही बंद करते, तिचं कामच ते, आणि म्हणून ती हाडं झिजवते. व्हिटॅमिन डी तपासलं तर कमी, आणि ते आपल्याकडे इतकं ऊन असून घरोघरी कमीच निघतं, ते कमी झालं की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडातून कॅल्शियम ओढायला लागते, परत एनटीएक्स वर. आणि घसरून मनगटाला झालेलं फ्रॅक्चर अजून ताजंच होतं, हाड जुळतानाही एनटीएक्ससारखे हाडाचे मार्कर, म्हणजे खुणेचे पदार्थ, महिनोन्महिने चढलेले राहतात. या चारांतलं कुठलंही एक पुरेसं आहे आकडा वर न्यायला. समजा वर आला असता, तर आम्ही काय समजायचं होतं? रात्रभर घरातलं कुणी झोपलं नसतं आणि कळलं मात्र काहीच नसतं.

बरं, आकडा नॉर्मल आला असता तर? ते मला जास्त भीतीदायक वाटतं. २०६ हाडांची रोजची तोडफोड आधीच लघवीत येत असते, त्यात एखाद्या मणक्यातल्या छोट्याशा डागाची भर कितीशी पडणार, ती सहज बुडून जाते. म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यात, जेव्हा कळण्याचा उपयोग सगळ्यात जास्त, तेव्हाच ही टेस्ट गप्प बसू शकते. त्यात आकडा रोजच्या रोज हलतो, एकाच माणसाचा आज आणि परवा वीस-तीस टक्क्यांनी वेगळा येऊ शकतो, रात्री आणि पहाटे तोडफोड जास्त आणि दुपारी कमी. डॉक्टरांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, रिपोर्ट जास्त आला तरी मी स्कॅन करणार आणि कमी आला तरी पाठ रात्री दुखतेय म्हणून स्कॅनच करणार, मग टेस्ट कशासाठी? याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

स्कॅन झाला. बोन स्कॅनमध्ये टेक्निशियम नावाचं किरणोत्सर्गी औषध शिरेतून देतात, दर सहा तासांनी त्याची ताकद निम्मी होते, ते जिथे नवीन हाड बांधलं जातंय तिथे जाऊन चिकटतं आणि दोन-तीन तासांनी कॅमेऱ्यात तो भाग उजळतो. म्हणजे गंमत बघा, लघवी तोडणाऱ्यांची खबर देते आणि स्कॅन बांधणाऱ्यांची. दोघंही कॅन्सरला थेट बघत नाहीत. म्हणूनच मायलोमासारख्या (हाडातल्या मज्जेचा कॅन्सर) आजारात, जिथे नुसतंच तोडणं चालतं आणि बांधणं बंद पडतं, तिथे बोन स्कॅन फसतो. आणि उपचार चालू झाल्यावर हाड भरून यायला लागलं की स्कॅन आधीपेक्षा जास्त उजळतो, पेशंटला वाटतं आजार वाढला, प्रत्यक्षात ते बरं होण्याचं लक्षण असू शकतं. हा घोळ पहिल्या तीनेक महिन्यांत होतो. अशा वेळी लघवीतला आकडा खाली येत असेल तर तो धीर देणारा पुरावा होऊ शकतो.

मावशीच्या स्कॅनमध्ये मणक्यात उजळलं, मग एमआरआय झाला आणि पक्कं झालं. त्यावर मी फार लिहीत नाही.

पण त्यानंतर ही लघवीची टेस्ट मी जास्त मन लावून वाचायला लागले, कारण कॅन्सर पोचलाय का हा प्रश्न संपला होता आणि आता पुढे काय हा होता, आणि त्या प्रश्नाला ही टेस्ट खरंच थोडं उत्तर देते. इंग्लंडमधल्या शेफिल्डचे रॉबर्ट कोलमन आणि त्यांचे सहकारी यांचं २००५ सालचं काम आहे. हाडात कॅन्सर पोचलेल्या आणि हाडाचं औषध चालू असलेल्या पेशंटमध्ये ज्यांचा एनटीएक्स १०० च्या वर होता त्यांना त्या अभ्यासाच्या काळात मृत्यूचा धोका आकडा कमी असलेल्यांपेक्षा ४ ते ६ पट होता. मग औषधांचं. झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाईन तोडणाऱ्या पेशींना थांबवतं आणि एनटीएक्स थोड्याच दिवसांत उतरायला लागतो. अमेरिकेतले अ‍ॅलन लिप्टन यांनी २००८ मध्ये दाखवलं की ज्यांचा वाढलेला आकडा तीन महिन्यांत नॉर्मलला आला त्यांना फ्रॅक्चर वगैरे कमी झाले आणि ते जास्त जगले. २००९ मध्ये फ्रान्सच्या करीम फिझाझी यांनी असे १११ पेशंट घेतले ज्यांचा आकडा सलाईन देऊनही ५० च्या खाली येत नव्हता, काहींना डेनोसुमॅब दिलं, म्हणजे तो रँक-लिगँडचा सिग्नलच अडवणारं इंजेक्शन, आणि बाकीच्यांना जुनंच चालू ठेवलं. १३ आठवड्यांनी डेनोसुमॅबवाल्यांत ७१ टक्के लोकांचा आकडा ५० च्या खाली, जुन्यावर २९ टक्के. नवीन औषध काम करतंय हे इतक्या लवकर आणि पेशंटला काही त्रास न देता दिसलं ते एका डबीभर लघवीमुळे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, ती सीटीएक्सची. त्या टोकातलं एक अमिनो आम्ल वय वाढलं की आकार बदलतं. नवीन कोलॅजनमध्ये ते अल्फा रूपात असतं आणि वर्षं गेली की हळूहळू बीटा होतं. नेहमीची तोडफोड जुन्या हाडाची असते, त्यामुळे लघवीत बीटा जास्त. कॅन्सरच्या जागी मात्र हाड घाईघाईने बांधलं जातं आणि जुनं व्हायच्या आधीच परत तोडलं जातं, म्हणून लघवीत अल्फा वाढतो. म्हणजे नुसतं किती तुटलं एवढंच नाही तर तुटलेलं किती वयाचं होतं हेही लघवीत लिहिलेलं असतं. २००६ साली ब्रेस्ट, प्रोस्टेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये आठ वेगवेगळे मार्कर तपासून तुलना झाली तेव्हा हा अल्फाच हाडातल्या कॅन्सरसाठी सगळ्यात चांगला ठरला. तरीही तो रोजच्या वापरात आला नाही, कारण पॅजेटच्या आजारात (स्टीफनचे वडील जेम्स पॅजेट यांचं नाव असलेला हाडांचा आजार) सुद्धा तो वाढतो, आणि छोट्या डागाची अडचण तिथेही सुटत नाही. मला वाटतं की हा रस्ता पुरता चालून बघितलेला नाही.

रोजच्या उपचारात मात्र अमेरिकेच्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेच्या, म्हणजे ॲस्कोच्या गाइडलाइन स्पष्ट सांगतात की या मार्करवर बघून सलाईन द्यायचं-थांबवायचं ठरवू नका. इतके चांगले आकडे असून असं का, हे मला सुरुवातीला अजिबात पटलं नव्हतं. मावशीच्या बाबतीत मी डॉक्टरांच्या मागे लागले होते की दर वेळी एनटीएक्स करा म्हणून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आधी दाताच्या डॉक्टरकडे पाठवलं, कारण या सलाईनने कधीकधी जबड्याचं हाड खराब होतं आणि दात काढायचा असेल तर तो आधीच काढून घ्यावा लागतो. मग किडनी ठीक आहे ना यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघितलं, व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम चालू केलं. दुखण्यासाठी लाइटचा एकच मोठा डोस दिला, ८ ग्रे (ग्रे हे लाइटचं माप). दुखणं कमी करायला हा एक डोस अनेक दिवसांच्या डोसांइतकाच चालतो हे सिद्ध झालंय, आणि गावाहून येणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, हे तुमच्या घरात कुणाला लागलं तर डॉक्टरांना जरूर विचारा. आणि हेही की कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाची पाठ रात्री दुखत असेल तर बाम लावून महिना काढू नका, आणि पायात ताकद जाणं, मुंग्या येणं किंवा लघवीवरचा ताबा जाणं यातलं काही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, मणक्यातली नस दबत असू शकते आणि तिथे तासांचा हिशोब असतो.

चेकअप पॅकेजमध्ये हल्ली हाडांचे मार्कर घातलेले असतात, बहुतेक वेळा रक्तातला बीटा-क्रॉसलॅप्स, म्हणजे सीटीएक्सच. ऑस्टिओपोरोसिसच्या औषधाचा परिणाम बघायला तो चांगला आहे. पण बाकी काही तक्रार नसताना त्यात कॅन्सर शोधायला जाऊ नका, आणि वाढलेला दिसला तर घाबरून इंटरनेटवर बसू नका, आधी व्हिटॅमिन डी आणि सॅम्पल किती वाजता दिलं ते बघा.

दर वेळी एनटीएक्स करा हा माझा हट्ट सुटला तो २०१७ च्या एका अभ्यासाने. अमेरिकेत हाडात कॅन्सर असलेल्या १८२२ पेशंटचे दोन गट केले, अर्ध्यांना झोलेड्रोनिक अ‍ॅसिड नेहमीसारखं दर ४ आठवड्यांनी आणि अर्ध्यांना दर १२ आठवड्यांनी, आणि दोन वर्षं बघितलं. १२ आठवडेवाल्यांचा सीटीएक्स जास्त राहिला. फक्त मार्कर बघून ठरवायचं असतं तर डॉक्टरांनी लगेच म्हटलं असतं की औषध कमी पडतंय, परत दर महिन्याला सुरू करा. पण फ्रॅक्चर, मणक्यातली नस दबणं, हाडासाठी लाइट किंवा ऑपरेशन लागणं, हे दोन्ही गटांत सारखंच निघालं. आकडा वर होता आणि हाडं मात्र जास्त मोडली नाहीत. म्हणजे थोडी पाडापाडी चालू राहिली तरी चालतं, ती किती चालते हे अजून लघवीच्या आकड्यावरून ठरवता येत नाही.

मावशीचं सलाईन आता दर तीन महिन्यांनी असतं. आधी दर महिन्याला रात्रीच्या एसटीने मुंबई, सोबत कुणीतरी रजा काढून, आणि परत येईपर्यंत दोन दिवस मोडायचे, ते वाचलं. मला आता खरंच कुणीतरी करावं असं वाटतं ते असं, की आपल्याकडच्या बायका घ्याव्यात, व्हिटॅमिन डी आधी भरून काढून, लेट्रोझोल चालू असलेल्या आणि नसलेल्या वेगळ्या करून, अल्फा सीटीएक्स दर काही महिन्यांनी त्यांच्याच आधीच्या आकड्याशी लावून बघावा. जगाच्या नॉर्मलशी लावून नाही, प्रत्येकीच्या स्वतःच्या आकड्याशी. सॅम्पल प्राथमिक आरोग्य केंद्रातही घेता येतं, नाहीतर आशाताई घरी येऊन डबी घेऊन जाऊ शकतात. कुणाला स्कॅन लवकर करायचा हे त्यातून ठरवता येईल का, एवढाच प्रश्न विचारायचा. उत्तर नाही असं आलं तरी ते आपल्या बायकांवरून आलेलं उत्तर असेल.